‘ओल्या उंदिर’ म्हणजे काय? कवी मर्ढेकर, सौंदर्यशास्त्री मर्ढेकर आणि माझा गोंधळ

सोनकेळी | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी फैजपूरकडची. बाहेर कुणाला गाव सांगायचं तर आमच्याकडे दोनच खुणा: केळी, आणि १९३६ चं काँग्रेस अधिवेशन. तिसरी खूण मला फार उशिरा कळली. बा. सी. मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ ला इथेच जन्मले. आडनाव सातारा जिल्ह्यातल्या मर्ढे गावावरून, पण पाळणा खानदेशातला. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तरी मला आनंद झाला नसता. कारण बाईंनी त्यांची ‘गणपत वाणी’ ही कविता शिकवली तेव्हा आमचं किराणा दुकान होतं. (अजून आहे.) ‘गणपत वाणी बिडी पितांना / चावायाचा नुसतिच काडी’ म्हटलं की अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायचा. पप्पा बिडी ओढत नाहीत हे मी किती जणांना सांगणार? दहावीपर्यंत पोरं मला ‘काडी’ म्हणायची. मर्ढेकर या नावाशी माझं पहिलं नातं रागाचं, हे आधीच कबूल करते.

गेल्या दिवाळीत नाशकात रद्दीच्या दुकानात ‘सौंदर्य आणि साहित्य’ मिळालं. कव्हर गेलेलं, मधली आठ पानं वाळवीने खाल्लेली. १९५५ चं पुस्तक, १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच. त्याच वर्षी २० मार्चला दिल्लीत ते गेले, वय जेमतेम सेहेचाळीस. मी म्हटलं, बघू तरी हा माणूस कवितेबद्दल काय म्हणतो. आणि अडकले.

मला कळलं ते असं. मर्ढेकर म्हणतात, कलाकृती सुंदर ठरते ती विषयामुळे नाही, बोधामुळे नाही, ती आपल्याला रडवते म्हणूनही नाही. तिच्यातले घटक एकमेकांशी कसे बांधलेत, त्या बांधणीत सौंदर्य. त्या बांधणीला ते ‘लय’ म्हणतात आणि तिचे तीन नियम सांगतात: संवाद, विरोध, समतोल. चित्रात हे घटक म्हणजे रंग आणि रेषा, संगीतात स्वर, आणि साहित्यात? इथे ते म्हणतात, साहित्यात शब्दांचा आवाज नव्हे, तर भावनेने भारलेले अर्थ. भाषा एखाद्या गणिताच्या मास्तरांसारखी. वाक्य संपेपर्यंत कर्ता विसरायला होतो.

आणि हाच माणूस ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ लिहितो! एका हाताने म्हणायचं विषय गौण आहे, आणि दुसऱ्या हाताने मराठी कवितेत पहिल्यांदा मेलेले उंदीर आणून टाकायचे. मग ते उंदीर गौण का? गणपत वाणी गौण? मी वर्गात खाली मान घालून बसायचे ते काय लयीमुळे?

दोन प्रश्न. पहिला अगदी शाळकरी: ‘ओल्या उंदिर’ हे व्याकरणात बसतं का? ‘ओले उंदीर’ हवं ना? वृत्तासाठी केलेली ओढाताण समजायची का? दुसरा: या दोन मर्ढेकरांचं एकमेकांशी काही बोलणं होतं की नाही?

तिरपागडे | रविवार, रात्री १०:०५

पहिला. 🙂

ताई, उत्तर सोपं आहे. मर्ढेकर १९२९ मध्ये आयसीएस व्हायला विलायतेला गेले, ते काही जमलं नाही, येताना कवी एलियट आणि कलासमीक्षक क्लाइव्ह बेल घेऊन आले. कविता एलियटची, सिद्धांत बेलचा, कादंबरीतला संज्ञाप्रवाह (मनातले विचार येतील तसे उतरवणं) जॉइसचा. आपण त्याला मराठी नवकाव्य म्हणतो. दोन उधाऱ्या वेगवेगळ्या दुकानांतल्या, त्यांचं एकमेकांशी बोलणं कसं होणार? आणि दुर्बोध तर इतकं की तेव्हा विडंबनांचं पीक आलं होतं. लोक वेडे नव्हते.

बाराखडी | रविवार, रात्री ११:३०

सोनकेळी, तुमचा पहिला प्रश्न शाळकरी अजिबात नाही. मी त्यावर तासभर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. घरचे झोपले.

‘ओल्या’ हे उंदरांचं विशेषण नाहीच. उंदरांचं असतं तर ‘ओले’ झालं असतं. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे, ते ‘पिपांत’ला लागतं. सरळ वाक्य: ओल्या पिपांत उंदीर मेले. मग विशेषण आपलं नाम सोडून उंदरांच्या शेजारी जाऊन का बसलं?

तुम्ही म्हणालात तसं मलाही आधी वाटलं, वृत्ताची अडचण असेल. कविता पादाकुलकात आहे, ओळीला सोळा मात्रा, आठ-आठच्या दोन भागांत. म्हणून तर ‘उंदीर’चा ‘उंदिर’ केलाय, दीर्घ ठेवला असता तर एक मात्रा वाढली असती. तेवढं खरं. आता ओळीतले शब्द मोजा, ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ किंवा अनुस्वारवाल्याची दोन.

पिपांत: एक, दोन, एक. चार.
मेले: चार.
ओल्या: चार.
उंदिर: दोन, एक, एक. चार.

चार शब्द आणि प्रत्येकाच्या चारच मात्रा! म्हणजे ही ओळ तुम्ही कशीही फिरवा, चोवीस प्रकारे मांडता येते आणि वृत्ताचा केस वाकडा होत नाही. ‘ओल्या पिपांत मेले उंदिर’ म्हणून बघा. मोठ्याने म्हणा. खटकते कुठे? उलट जास्त गुळगुळीत जाते. ‘ओले’ केलं तरी मात्रा चारच.

तेव्हा ओढाताण नाही. चोवीसांतून ही एक मांडणी निवडलेली आहे. पीप व्याकरणाने ओलं आहे आणि कानाला उंदीर ओले लागतात. ओल कुणाची, ते ओळ संपेपर्यंत ठरतच नाही.

सोनकेळी | सोमवार, सकाळी ७:१५

बाराखडी, तुम्ही माझी झोप उडवलीत. सकाळी दूध तापवताना ओळ फिरवून फिरवून म्हणत होते. ‘उंदिर ओल्या मेले पिपांत’ म्हणाले आणि मुलगा म्हणाला, आई, काय मेलंय?

दत्तूमामा | सोमवार, सकाळी ८:२०

वाचनखूण साठवली आहे. मात्रा मोजायचा धागा इतका रंगेल वाटलं नव्हतं.

अवांतर: आमच्या चाळीत पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट पाण्याच्या पिपात बुडवायचे. ते काम लहान मुलांकडे. बुडबुडे थांबले की वर काढायचा. मी ही कविता कॉलेजात वाचली तेव्हा मला ती दुर्बोध अजिबात वाटली नव्हती. ‘पिपांत मेले उचकी देउन’, ती उचकी मी बघितलेली आहे.

मास्तर_निवृत्त | सोमवार, दुपारी १२:५०

चर्चा योग्य मार्गावर आहे. तिरपागडे यांना आधी उत्तर देतो, कारण ते नेहमीप्रमाणे अर्धे खरे बोलून निघून गेले आहेत.

एलियट आणि बेल मर्ढेकरांनी वाचले होते, त्यांनी ते लपवलेले नाही. पण क्रम पाहा. ‘आर्ट्स अँड मॅन’ हा इंग्रजी ग्रंथ १९३७ चा. ‘शिशिरागम’ हा पहिला काव्यसंग्रह १९३९ चा, आणि तो वाचलात तर तुम्हाला हा तोच कवी वाटणार नाही. हळवी, विरहाची, त्या काळच्या रीतीची कविता आहे. ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१. ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२, पुढच्या वर्षी ‘तांबडी माती’, १९४८ मध्ये ‘पाणी’. आणि ज्या कवितांवरून वादळ झाले तो ‘काही कविता’ १९४७ चा, ‘आणखी काही कविता’ १९५१ चा. म्हणजे सिद्धांत आधी सुचला, स्वतःची कविता नंतर सापडली. विलायतेतून आणलेली पेटी उघडून कविता बाहेर काढली, असे झालेले नाही. मध्ये दहा-बारा वर्षे, एक महायुद्ध आणि नभोवाणीतली नोकरी आहे.

आता मूळ मुद्दा. मर्ढेकरांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ अशी एक कल्पना मांडली आहे. जुन्या उपमेत दोन वस्तू दिसायला सारख्या असत. मुख चंद्रासारखे. मर्ढेकर म्हणतात, दिसण्यात साम्य नसले तरी चालेल, दोन वस्तूंभोवतीची भावना एका ताणाची असली पाहिजे. उदाहरण त्यांचेच घ्या:

न्हालेल्या जणु गर्भवतीच्या
सोज्वळ मोहकतेने बंदर
मुंबापुरिचे उजळित येई
माघामधली प्रभात सुंदर.

पहाट आणि गर्भवती यांत डोळ्यांना दिसणारे साम्य शून्य आहे. पण न्हाऊन आलेल्या गर्भवतीकडे पाहताना घरात जी एक शांत, भरलेली, किंचित जपून असलेली भावना असते, तीच त्या पहाटेला आहे. शिकवताना मी पोरांना म्हणत असे, ‘डोळे मिटून उपमा बघा.’ ती बहुधा हसत. ते असो.

बाराखडी | सोमवार, दुपारी २:१०

मास्तर, तुम्ही ती ओळ टाकलीत आणि मला परत कागद घ्यावा लागला.

‘न्हालेल्या जणु / गर्भवतीच्या’. आठ, आठ.
‘गणपत वाणी / बिडी पितांना’. आठ, आठ.
‘पिपांत मेले / ओल्या उंदिर’. आठ, आठ.
‘देवाजीने / करुणा केली’. आठ, आठ.
‘अजून येतो / वास फुलांना’. तेच.
‘दवांत आलिस / भल्या पहाटीं’. तेच!

गर्भवतीची पहाट, बिडी पिणारा वाणी, मेलेले उंदीर, पिकलेली भातं, शुक्राच्या तोऱ्यात आलेली ती, सगळी एकाच चालीवर! इतका बंडखोर म्हणवला गेलेला कवी, आणि वृत्त कसं, तर कुणालाही झोपाळ्यावर म्हणता येईल असं. मुक्तछंद सोपा पडला असता. त्याने घेतलं नाही.

आणखी एक. ‘न्हालेल्या’ इकडे आहे, आणि उंदरांच्या कवितेचा शेवट काय? ‘पिपांत उंदिर न्हाले! न्हाले!’ भिजले नाही, बुडाले नाही. न्हाले. मराठीत न्हातं कोण? बाळंतीण न्हाते, नवरी न्हाते, दिवाळीला आपण न्हातो. तो शब्द त्यांनी पिपातल्या उंदरांना दिलाय, आणि तोच न्हाऊन आलेल्या गर्भवतीला.

सोनकेळी | सोमवार, दुपारी २:४०

अंगावर काटा आला. हा विरोधलय का मग? मास्तर, बरोबर आहे का?

मास्तर_निवृत्त | सोमवार, सायंकाळी ५:३०

शंभर टक्के. अर्थातली भावना एका दिशेला ओढते, शब्दाभोवतीची भावना दुसऱ्या दिशेला. मरणाला न्हाण्याचा शब्द. मर्ढेकरांनी सिद्धांतात मोजून-मापून जे सांगितले ते इथे एका क्रियापदात आहे. मी चाळीस वर्षे ही कविता शिकवली, ‘न्हाले’वर थांबलो नव्हतो. बाराखडीताई, नमस्कार स्वीकारा.

‘सर्वे जन्तु रुटिनाः / सर्वे जन्तु निराशयाः’ हेही याच जातीचे. ‘सर्वे सन्तु निरामयाः’ या मूळ श्लोकातल्या निरामय शब्दात एक अक्षर बदलले, ‘म’च्या जागी ‘श’. प्रार्थनेचा घोष तसाच ठेवला आणि आतली आशा काढून घेतली. घोष बदलला असता तर नुसते विडंबन झाले असते.

खरखर | सोमवार, रात्री ९:००

साहित्यातलं कळत नाही, पण उंदरांच्या कवितेतला एक शब्द माझ्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो. मी जुने रेडिओ दुरुस्त करतो. व्हॉल्व्हवाले.

‘मधाळ पोळे / ओठांवरती जमले तेही / बेकलायटी, बेकलायटी!’

तुमच्यापैकी किती जणांनी बेकलाइट हातात घेतलंय? जुना काळा टेलिफोन, विजेची काळी गोल बटणं, रेडिओचा तपकिरी खोका. बेकलंड नावाच्या माणसाने १९०७ मध्ये काढलं, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून. माणसाने पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं पहिलं प्लॅस्टिक. बनवताना ती मधासारखीच राळ असते, पिवळसर, चिकट. साच्यात घालून तापवली आणि दाबली की घट्ट होते. गोष्ट इथे आहे: एकदा घट्ट झालं की बेकलाइट पुन्हा कधीच वितळत नाही. आजचं बादलीचं प्लॅस्टिक तापवा, मऊ होईल. बेकलाइट तापवा, जळेल, तडकेल, कार्बोलिकसारखा वास मारेल, पण पातळ होणार नाही. तडा गेलेला खोका म्हणूनच सांधता येत नाही, नुसता चिकटवता येतो.

तर मध आणि बेकलाइट. मला वाटायचं कवीला नवा शब्द वापरायची हौस. पण ओठांवरचा मध बेकलायटी म्हणजे दिसायला मध, आणि आता जन्मात वितळणार नाही असा. आणि हे गृहस्थ नोकरीला कुठे? आकाशवाणीत. दिवसभर हाताखाली तेच मटेरियल.

‘उदासतेला जहरी डोळे, / काचेचे पण’ वाचून मला जुन्या रेडिओतला मॅजिक आय आठवतो. स्टेशन लागलं की हिरवा उजेड मिटत यायचा, काचेचाच डोळा. पण हे माझं घोडं मी पुढे दामटतोय, सोडून द्या.

दत्तूमामा | सोमवार, रात्री ९:२५

खरखर भाऊ, दंडवत! बेकलाइटचा अर्थ समीक्षकाने नाही, रेडिओवाल्याने सांगितला.

तिरपागडे | सोमवार, रात्री १०:१०

बरं, माघार घेतो. उधारीचं दुकान बंद. पण एक सांगा, ही जी मजा तुम्ही सगळे घेताय ती सिद्धांतामुळे घेताय की दत्तूमामांच्या चाळीतल्या पिंजऱ्यामुळे आणि खरखरच्या खोक्यामुळे? सिद्धांत तर म्हणतो व्यवहारातल्या भावना बाहेर ठेवा, कलेची भावना वेगळीच असते. उंदीर बुडताना बघितलेला माणूस आणि न बघितलेला माणूस, दोघांना कविता सारखीच लागते का? सोनकेळींचा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे.

गिरणगाव | मंगळवार, पहाटे १:१५

रात्रपाळीला आहे म्हणून आत्ता. तिरपागडे पहिल्यांदा कामाचं बोललात.

माझा बाप गिरणीत होता, परळला. मला मर्ढेकर आवडतात आणि त्यांचा रागही येतो. दोन्ही एकदम. ‘मी एक मुंगी’ घ्या, उंदीर घ्या. ‘गरिब बिचारे बिळांत जगले’. शहरातला कष्टाचा माणूस त्यांच्या कवितेत येतो तो मुंगी होऊन, उंदीर होऊन. गर्दी होऊन. नाव असलेला एक सापडला, गणपत, तर तो बिडी ओढत मरतो. ‘जगायची पण सक्ती आहे; / मरायची पण सक्ती आहे.’ ओळ जबरदस्त आहे, मान्य. पण सक्ती कोणाची? करणारा कोण? ओळीत कर्ता नाही. माझ्या बापाला सक्ती करणाऱ्याला नाव होतं, पत्ता होता, त्याची मोटार आम्ही ओळखायचो.

बांधणी, लय सगळं ठीक. पण घटकांचा एकमेकांशी संबंध म्हणजेच सौंदर्य असं म्हटलं की पिपाबाहेर बघायची गरज उरत नाही. पीप कुणी भरलं हे विचारायला नको. सिद्धांत आणि कविता यांचं बोलणं इथे होतं असं मला वाटतं, आणि ते मला आवडत नाही. नारायण सुर्वे आले तेव्हा आमच्याकडच्या माणसाला कवितेत तोंड फुटलं. मर्ढेकरांकडे त्याला फक्त मान होती, तीही पडलेली.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ११:२०

गिरणगाव, हा आक्षेप जुना आहे आणि आजही जिवंत आहे. दि. के. बेडेकर, शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मार्क्सवादी बाजूने मर्ढेकरांशी वाद घातला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) त्यांना फार गंभीरपणे घेतले. त्यांनी मांडले की सौंदर्याची कल्पनाच दोन ध्रुवांची आहे, एक अलौकिकतावादी (कला रोजच्या जगापासून वेगळी मानणारा), दुसरा लौकिकतावादी (तिला त्याच जगाशी जोडणारा), आणि एकाच ध्रुवावर उभे राहून सगळे साहित्य कवेत येत नाही. मर्ढेकरांच्या एका ग्रंथामुळे मराठीत पुढची तीसेक वर्षे सौंदर्यशास्त्र लिहिले गेले, हेच मुळात नवल आहे. मर्ढेकर पटले म्हणून नव्हे, त्यांच्याशी भांडायचे म्हणून.

माझे मत विचाराल तर गोम त्यांच्याच व्याख्येत आहे. संगीतात घटक स्वर, तिथवर ठीक, स्वराला घरदार नसते. पण साहित्याचे घटक ‘भावनेने भारलेले अर्थ’ म्हटले, की ती भावना आली कुठून? चाळीतून, गिरणीतून, किराणा दुकानातूनच ना? पुढच्या दाराने त्यांनी जगाला बाहेर काढले आणि परसदारी स्वतःच कडी काढून ठेवली. ‘न्हाणे’ या शब्दाभोवतीची भावना मराठी घरात न वाढलेल्या माणसाला कशी कळावी?

बाराखडी | मंगळवार, दुपारी १:००

गिरणगाव, सक्ती करणारा कोण, तुमचा हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मी फक्त एवढंच म्हणेन की उंदरांच्या कवितेतल्या ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ या ओळीतला ‘मुरगळल्याविण’ हा शब्द बघा. माना पडल्या, पण कुणी मुरगळल्या नाहीत. म्हणजे मुरगळणारा हात कवीच्या मनात आला होता. तो नाही असं सांगायला सुद्धा त्याला आणावा लागला. हे समर्थन नाही. नुसतं दाखवतेय.

गिरणगाव | मंगळवार, दुपारी १:४०

दिसला हात. खिशातच ठेवला त्याने तो, पण दिसला. 🙂 आता झोपतो.

नवखी_वाचक | मंगळवार, दुपारी ३:०५

मी मर्ढेकर काहीच वाचलेले नाहीत. सुरुवात कुठून करू? आणि अश्लीलतेचा खटला झाला होता असं ऐकलं, ते यांच्यावरच का?

दत्तूमामा | मंगळवार, दुपारी ३:३०

हो, यांच्यावरच. ‘काही कविता’वर. निर्दोष सुटले. आजच्या डोळ्यांनी वाचलंत तर अश्लील शोधायला दुर्बीण लागेल. माणूस सरकारी नोकरीत आणि सरकारचाच खटला अंगावर, ही कल्पना करा. खटल्याच्या नादाने वाचू नका, भलतंच काहीतरी शोधत बसाल. ‘कितितरी दिवसांत नाही चांदण्यात गेलो’पासून सुरू करा.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ६:१०

‘मर्ढेकरांची कविता’ हा एकत्रित संग्रह घ्या. सोबतीला हवे तर विजया राजाध्यक्षांचा ‘मर्ढेकरांची कविता: स्वरूप आणि संदर्भ’, अकादमी पुरस्कार मिळालेला ग्रंथ आहे, पण जाडी बघून घाबरू नका, हवी ती कविता काढून तेवढेच वाचायचे. सौंदर्यशास्त्र शेवटी. कादंबऱ्या त्याच्याही शेवटी. मी स्वतः ‘रात्रीचा दिवस’ दोनदा अर्ध्यावर सोडली आहे. मनातल्या विचारांचा प्रवाह आहे तसा उतरवायचा तो प्रयोग मराठीत तेव्हा नवा होता, मान देतो, पण सक्ती नको.

बडोद्याच्या ‘अभिरुचि’ मासिकात या नव्या कविता येऊ लागल्या होत्या. ते मासिक पु. आ. चित्रे चालवत. त्यांचा मुलगा दिलीप तेव्हा शाळकरी. पुढे त्यानेच १९४५ ते १९६५ या काळातल्या मराठी कवितेचं इंग्रजी संकलन केलं. घरात कोणती मासिकं पडलेली असतात त्यावर पुढचं बरंच ठरतं.

तिरपागडे | मंगळवार, रात्री ९:४५

मास्तरांनी पहिल्यांदाच ‘केलं’, ‘ठरतं’ लिहिलं. धागा सार्थकी लागला.

सोनकेळी | शनिवार, रात्री १०:३०

उशीर झाला. गावी गेले होते. जाताना संग्रह घेऊन गेले.

दुपारी दुकानात गर्दी नसते. पप्पा गल्ल्यावर, मी समोर साखरेच्या पोत्यावर. म्हटलं, पप्पा, एक वाण्याची कविता वाचते. त्यांना माहीत नव्हती. मी इतकी वर्षं घरात तिचं नावही काढलं नव्हतं, तुम्हाला कळलंच असेल का ते.

‘या जागेवर बांधिन माडी’ला हसले. म्हणाले, हे सगळेच म्हणतात. ‘जिरे, धणे अन धान्यें गळित’ला मान हलवली. मग ही ओळ आली: ‘विकून बसणे हिशेब कोळित’. मी शाळेत हिच्यावरून कधी थांबलेच नव्हते. आता थांबले. कोळित? चुकीचं छापलंय का? मी पप्पांना विचारलं, हिशेब कोळणं म्हणजे काय हो?

ते काही बोलले नाहीत. बरणीतून चिंचेचा एक गोळा काढला, तळहातावर घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कोरडाच चुरून दाखवला. पाण्यात कोळतो तसं. म्हणाले, चिंच कोळतात ना, तसं. रात्री वही घेऊन बसलं की दाबत राहायचं, काहीतरी निघतंय का म्हणून. निघतं थोडं आंबट पाणी. आणि हातात चोथा.

मला ‘भावनानिष्ठ समतानता’ हा शब्द तोंडावर आला होता, गिळला.

मी शेवट वाचला. ‘गणपत वाणी बिडी बापडा / पितांपितांना मरून गेला’. मला भीती होती पप्पांना लागेल. त्यांनी विचारलं, ‘यात उधारी कुठं आहे? वाणी आहे आणि उधारी नाही? लिहिणाऱ्याने दुकान बाहेरून बघितलेलं दिसतं.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘पण रात्री थांबला असेल तो कधीतरी. कोळित त्याला दिवसा दिसलं नसतं.’

तेवढ्यात एक पोरगा पाव किलो शेंगदाणे आणि काडेपेटी मागायला आला. पप्पांनी काडेपेटी त्याच्यापुढे ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि एक काडी काढून दातात धरली. नुसतीच.

बाराखडी | शनिवार, रात्री १०:५०

सोनकेळी, पप्पांना एक खातं उघडून द्या.

गिरणगाव | रविवार, पहाटे २:००

उधारीचा मुद्दा एक नंबर. मास्तर, हे पाटणकरांच्या कुठल्या ध्रुवावर बसवता?

मास्तर_निवृत्त | रविवार, सकाळी ९:१५

बसत नाही. दुकानात बसते. सोनकेळी, वाळवीने खाल्लेली ती आठ पाने कोणती ते कळवा, माझ्या प्रतीवरून फोटो काढून पाठवतो.